घरची शाळा कुणाच्या घरची?



पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांत एक टूम निघालीय. पोराला शाळेत घालायचंच नाही, घरीच शिकवायचं. होमस्कूलिंग म्हणतात. त्यांचं सगळंच खोटं नाही. घोकंपट्टी नाही, छडी नाही, पोरगं आपल्या चालीनं शिकतं. २०१६ साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीचा कागद नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. प्रोग्रॅमिंगच्या ऑलिम्पियाडची पदकं होती तिच्याकडे. आपल्या आयआयटीचं दार मात्र बारावीशिवाय उघडत नव्हतं.

आणि शाळेनं आपल्याला काय कमी छळलं? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं महाराच्या पोराला आत घेतलं नाही. बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसले, शिपाई नसला की तहानलेले राहिले. मी यवतमाळ जिल्ह्यातला, महागावकडचा. माझ्या शाळेत खिचडीच्या पंगतीत कोण कुठं बसणार हे गुरुजींनी न सांगताच ठरलेलं असायचं. असल्या शाळेतून कुणी पोट्टं काढून घेतलं तर त्याला मी काय बोलू?

पण लेकहो, घर म्हणजे कुणाचं घर? आपल्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरीच शिकवलं. मेलेलं ढोर ओढायचं, दवंडी द्यायची, जोहार घालायचा. अभ्यासक्रम घरचा, मास्तर बाप, आणि नापास कुणीच नाही! १९५३ साली मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी हेच सरकारी योजना करून आणलं. प्राथमिक शाळा फक्त तीन तास, उरलेल्या वेळात पोरानं घरी बापाचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव ठेवलं आणि रस्त्यावर उतरले. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले, योजना मोडीत निघाली.

फुल्यांनी १८४८ साली भिडेवाड्यात शाळा काढली ती पोरींना घराच्या चौकटीबाहेर आणायलाच. त्यांच्याच शाळेत शिकून मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. घरी राहिली असती तर?

रामजी सुभेदार बाबासाहेबांना परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे उठवून अभ्यासाला बसवत. तेही घरचंच शिक्षण, आणि फार मोलाचं. पण दिवस उजाडला की पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलच्या बाकावर असे. सुभेदार स्वतः लष्करी शाळेतले शिक्षक होते. माझी माय अंगठेबहाद्दर. मी आज गोदीत ओझी उचलतो आणि कविता लिहितो, ती दहावीपर्यंतची अक्षरं त्याच पंगतीवाल्या शाळेतली.

कोविडात सगळ्यांनाच घरची शाळा मिळाली. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१, पहिली ते चौथीचे वर्ग बंद. आमच्याकडे घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात. पोट्टे-पोट्टी मायसंगं कापूस वेचायला गेले.

आता खरी गोम. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या पोराला घराजवळ शाळा देणं सरकारवर टाकतो. पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनंच २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचं ठरवलं. राज्यात अशा शाळा १४ हजारांवर. त्या काय मलबार हिलवर आहेत? तांड्यावर, पाड्यावर, आपल्या वस्तीत आहेत. शाळा चार कोस लांब गेली की आधी पोरगी घरी बसते. तिला घरात कोण शिकवणार? उद्या साहेब म्हणेल, "ती घरीच शिकतेय ना!" मग सरकार मोकळं.

तेव्हा ज्यांच्या गावच्या शाळेचा पट वीसच्या आत आहे त्यांनी उन्हाळ्यातच घरोघर फिरावं. कोणतं पोरगं कुठं कामाला लागलंय त्याची यादी करावी, ती ग्रामसभेत मांडावी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बाया लागतात. तिथं आपल्या माया बसल्या आहेत का, की सरपंचाचेच सोयरे, तेवढं आधी बघून या. जयभीम.