काकांच्या शेतातली तूर

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं, पण राहून जात होतं. परवा ऑफिसात 'डेटा हेच नवं भांडवल' अशा थाटाचं एक भाषण ऐकलं. टाळ्या वाजवताना मला मात्र आमच्या काकांचं शेत दिसत होतं. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग लागतं. ते आमचं गाव. काकांची तिथे थोडी शेती आहे. आमच्या भागात सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकायची पद्धत आहे, तशी ती काकांच्या चार एकरातही असते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरात येतं, तूर मागाहून.

२०२४ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काका गप्प गप्प होते. सोयाबीन बावीस क्विंटल झालं होतं. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये. बाजारात त्याच्या कितीतरी खाली भाव चालला होता, म्हणून काका हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी करायला गेले. तिथे सांगितलं, तुमच्या सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेराच नाही. पेरा तुरीचा आहे!

झालं होतं असं. ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची असते. काकांकडे साधा फोन. त्यांनी शेजारच्या एका पोराला पाठवलं. ॲपमध्ये निर्भेळ पीक की मिश्र पीक असं विचारतात. पोरगं धुऱ्यावर उभं राहिलं, समोर तुरीचा तास दिसला, त्याने निर्भेळ पीक निवडून 'तूर' लिहिलं, फोटो काढला आणि घरी आलं. गंमत म्हणजे त्या फोटोत तुरीच्या मागे गुडघ्याएवढं सोयाबीन स्वच्छ दिसतंय. पण फोटो बघायला कोण बसलंय?

"अबे, मोबाईलमधी तं तूर दाखवून राह्यलं," काका म्हणाले. "मंग मी काय सोयाबीन सपनात काढलं का?"

शेवटी माल ४,१०० ने विकला. क्विंटलमागे ७९२ रुपये, म्हणजे बावीस क्विंटलचे सतरा हजार चारशे चोवीस. आमच्या पुण्यात एवढ्या पैशात एक बरासा मोबाईल येतो. काकांच्या घरात त्यात रब्बीचं बी-खत येतं.

आता इथे 'जुनं तेच सोनं' असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. पूर्वी पीक पाहणी तलाठ्याकडे होती. एका तलाठ्याकडे किती गावं असत ते आठवा! कित्येकदा चावडीत बसूनच पेरा लिहिला जाई आणि आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते शेतकऱ्याला कळतही नसे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि लेखणी पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात आली. ही साधी गोष्ट नाही. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज आमच्या गावची भाजीवालीसुद्धा "फोनपे करा" म्हणते. हे सगळं चांगलंच आहे.

मग अडलं कुठे? माझ्या मते लेखणी हातात दिली, पण वही परत वाचायला दिली नाही. इथे अडलं.

ॲपमध्ये चूक झाली तर दुरुस्तीची सोय आहे. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित ॲपमध्ये शेतकऱ्याला ४८ तासांच्या आत स्वतः एकदा दुरुस्ती करता येऊ लागली. काही टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या असंही ठरलं. कागदावर उत्तम! पण ज्याला चूक झाल्याचंच माहीत नाही, त्याला ४८ तास काय आणि ४८ दिवस काय? काकांना चूक कळली ती ऑक्टोबरात, पीक कापून झाल्यावर. काका जे बोलले ते मला विसरता येत नाही. "पह्यले तलाठी चुकला तं त्याच्या मांगं मांगं फिरता येत होतं. आता कोनाच्या मांगं फिरू?"

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. 'कोनाच्या मांगं फिरू' हा प्रश्न आमच्या कुठल्याही मीटिंगमध्ये मी ऐकलेला नाही.

आता पुढचं बघा. डिसेंबर २०२४ पासून महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांकाची मोहीम सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. जमीन, पीक, आधार सगळं एका क्रमांकाला जोडलेलं. पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या मदतीने घेण्याची पद्धत २०२३ मध्ये भात आणि गव्हासाठी आली, २०२४ च्या खरिपात सोयाबीनही त्यात आलं. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं. मी याच धंद्यातला, मला या गोष्टींचं कौतुक आहे. पण यंत्र शिकणार कशावरून? आपण भरलेल्या नोंदींवरून. म्हणजे काकांच्या चार एकरात २०२४ साली निर्भेळ तूर होती, हेच ते यंत्र शिकणार. अशा चुका गावोगाव झाल्या असतील तर? पूर्वीची चूक एका वहीत राहायची. आता ती पाच ठिकाणी पोचते.

सुरक्षिततेचंही तसंच. एक रुपयात पीक विमा २०२३ मध्ये सुरू झाला, त्यात दुसऱ्यांच्या जमिनीवर, न लावलेल्या पिकांचे बोगस अर्ज सापडले आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, ती उघडली की खातं रिकामं होतं. (नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती: '.एपीके' असं शेपूट असलेली फाइल कुणीही पाठवली, अगदी मी पाठवली तरी, उघडू नका! आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.) अंगठ्यावर पैसे काढणाऱ्यांनी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवावं, हवं तेव्हा उघडता येतं. हे सगळं आपण एकमेकांना सांगतो, पण गावातल्या किती जणांना ते कुणी सांगितलंय? अंगठा द्यायचं सगळ्यांना शिकवलं. तो राखायचं कुणी शिकवलं नाही.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात दिलाय. पण बारकाईने वाचलं तर तो हक्क संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेला आहे. सरकार अनुदान-लाभासाठी जी माहिती वापरतं, तिला संमतीवाचून वेगळी वाट ठेवलेली आहे. म्हणजे काकांची नोंद ज्या कप्प्यात पडते, तिथेच हा हक्क पातळ होतो.

दुसऱ्या तऱ्हेनेही हे करता येतं. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुरू झाला. वाशीम जिल्हाही त्यात होता. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, पिकांना किती लागणार. त्याचं गणित आयआयटी मुंबईच्या लोकांनी बसवलं. मला त्यातली कल्पना आवडते. आकडे गावाचे आणि ते गावापुढेच मांडायचे. आपल्या शिवारात पाणी किती उरलंय हे समोर दिसलं तर माणूस बोअर घ्यायच्या आधी दोनदा विचार करील. शाश्वत विकास वगैरे मोठ्या शब्दांचा मला कळणारा अर्थ एवढाच आहे.

माझी मागणी काही भारी नाही. नोंद झाली की शेतकऱ्याच्या साध्या फोनवर मराठीत बोलणारा कॉल यावा: "तुमच्या गटात अमुक पीक लिहिलं आहे, बरोबर असेल तर एक दाबा." चूक असेल तर पीक उभं आहे तोवर दुरुस्ती व्हावी. आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर गावात भिंतीवर लिहिलेला असावा. जे यंत्र आकाशातून सोयाबीन ओळखतं म्हणतात, त्याला एक फोन लावणं जड जाऊ नये.

२०२५ च्या खरिपात काकांनी माझ्या पुतणीला शेतात नेलं. ती बारावीत आहे. तिने मिश्र पीक निवडलं, सोयाबीन आणि तूर दोन्ही भरली. बटण दाबायच्या आधी काकांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "आता मले हे सारं मोठ्यानं वाचून दाखव." तिने धुऱ्यावर उभं राहून सगळं वाचून दाखवलं. मग काकांनी खिशातून पन्नास पानी वही काढली आणि तारीख घालून तेच त्यात लिहून घेतलं.

आता ही वही कुठे चालणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तरी यंदाही ते लिहिणार आहेत.

तुमच्या गावाकडे काय अनुभव आहे? जरूर कळवा.