स्वल्पविरामाची जागा
नववी-दहावीच्या वर्गात विरामचिन्हे शिकवायची म्हणजे चिन्हांचा तक्ता पाठ करून घ्यायचा, ही रीत आता मोडायला हवी. त्यापेक्षा फळ्यावर एकच वाक्य लिहावे : आई म्हणाली, “ताई उद्या येईल.” मग ‘ताई’नंतर एक स्वल्पविराम द्यावा आणि विचारावे, आता उद्या कोण येणार? वर्ग क्षणभर गप्प होतो, मग एकदम गलका उठतो. येणारी ताई आता नुसती ऐकणारी झाली. येणारे माणूस दुसरेच. हे एकदा दिसले की मुले स्वतःच्या वहीतली वाक्ये तपासू लागतात. मराठीला ही चिन्हे तशी उशिराच मिळाली. मोडी लिपीत शब्दसुद्धा सलग लिहीत. आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी रुळवली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरणही 1836 चे. त्यालाही आता बराच काळ लोटला, तरी शाळेत व्याकरण म्हणजे ठरावीक गुणांचा प्रश्न, आणि निबंध म्हणजे गाइडातून उचललेले ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’. त्यात मुलाचे स्वतःचे वाक्य एकही नसते, मग चूक तरी कोणाची सुधारायची? त्याऐवजी ‘आमच्या नळाला पाणी येते ती वेळ’ असा विषय द्या. वाक्ये लांबतील, कर्ता-क्रियापदाची फारकत होईल, पूर्णविराम राहून जातील. अशा वेळी लाल शाई बाजूला ठेवून त्या मुलालाच ते लिखाण मोठ्याने वाचायला सांगावे. दम लागला की कुठे थांबायला हवे होते, ते त्याचे त्यालाच कळते.