टाळ, गिटार आणि भाविकांचा कंठ

उपासनेत कोणती गीते गावीत, कोणती वाद्ये वाजवावीत, यावरून धर्मग्रामांत मतभेद होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ज्येष्ठ भाविकांना पेटी, तबला व टाळ यांच्या साथीचे भजन प्रिय वाटते. युवावर्गाला कीबोर्ड, गिटार आणि मोबाईलवर ऐकलेली हिंदी-इंग्रजी स्तुतिगीते जवळची वाटतात. एक पिढी म्हणते, मंदिरातील पावित्र्य हरपले. दुसरी म्हणते, जुन्या गीतांत आमचे मन रमत नाही. पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील भाविकांनी या प्रश्नाचा विशेष विचार करावयास हवा, कारण मराठी ख्रिस्ती भजनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व साताऱ्यातच घडले आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा स्वीकारला. त्या काळी मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गाण्याची प्रथा रूढ होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे मानणाऱ्या टिळकांनी अभंग व ओवी या छंदांतून ख्रिस्तभक्ती गायिली. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून ते साताऱ्यास आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त यांना एकत्र आणणारा बंधुभाव त्यांना अभिप्रेत होता. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. तथापि त्यांची गीते पंथांच्या सीमा ओलांडून गेली. ज्या भजनाला आज आपण ‘जुने’ म्हणतो, ते एका काळी असे नवे होते.

कॅथलिक परंपरेतही हाच अनुभव येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले; परंतु मिस्साबलिदानाची भाषा पुढे साडेतीनशे वर्षे लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेला वेदीजवळ स्थान मिळाले. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बाबींना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, हात जोडून शांतीची देवाणघेवाण, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती या गोष्टी त्यांत होत्या. त्यावर दोन बाजूंनी आक्षेप आले. काहींना ही ख्रिस्ती उपासनेची ओळख पुसण्याची वाट वाटली. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी वेगळाच प्रश्न विचारला: भारतीय संस्कृती म्हणजे कोणाची संस्कृती? संस्कृत श्लोक आणि आश्रमीय विधी यांत श्रमकरी समाजाचे जीवन कोठे आहे? हा दुसरा प्रश्न आजही विचारात घेण्याजोगा आहे. टाळ-मृदंगाचे भजन शेतकऱ्याच्या व मजुराच्या ओठी पूर्वीपासूनच होते. त्याची नाळ वारीशी जुळलेली आहे. म्हणूनच मराठी भाविकांना ते आपले वाटले.

करिष्मॅटिक चळवळ भारतात आली ती १९७२ च्या सुमारास. टाळ्या, उंचावलेले हात आणि गिटार यांनी तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना अस्वस्थ केले. त्या प्रार्थनासभांतील तरुण आज स्वतः आजी-आजोबा झाले आहेत आणि नातवंडांच्या संगीताबद्दल तीच तक्रार करीत आहेत.

जागतिक ख्रिस्तसभेने अशा बदलांना विवेकाने वाट करून दिली आहे. १९८८ मध्ये तत्कालीन झैरे देशाच्या मिस्साविधीला मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोतील चियापास येथील आदिवासी समाजांच्या उपासनेत विधिनृत्याला व्हॅटिकनने संमती दिली. मात्र परमगुरू फ्रान्सिस यांनी २०२२ च्या ‘देसिदेरियो देसिदेरावी’ या पत्रात उपासनेच्या शिक्षणावर भर देताना दोन टोके टाळण्यास सांगितले होते. बाह्य सौंदर्यातच रमणे हे एक टोक, तर विधींबाबतची बेपर्वाई हे दुसरे.

तेव्हा वाद्य जुने की नवे, यापेक्षा महत्त्वाची कसोटी अशी: त्या गीतात सर्व भाविक सहभागी होतात काय, आणि त्यातील शब्द त्यांना उमजतात काय? ध्वनिक्षेपकावर तीन-चार जण गात आहेत आणि उरलेले सारे ऐकत आहेत, असे झाले तर भजनही व्यर्थ आणि गिटारही व्यर्थ. आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, अशा आशयाचे संत पौलाने करिंथकरांस लिहिले, ते याच अर्थाने.

येथे एक धोका ध्यानात घ्यावा. गीतपुस्तकात शब्द असतात, फार तर राग-तालाचे नाव असते. चाल मात्र एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. एक पिढी न शिकविता निघून गेली, तर शब्द उरतील आणि गाणे संपेल. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ज्या परिसरात तंतुवाद्ये घडतात, त्याच परिसरातील आपल्या भजनांच्या चाली लुप्त व्हाव्यात, ही खेदाची गोष्ट ठरेल.

उपाय आपल्या हाती आहेत. धर्मग्रामातील ज्येष्ठांच्या चाली युवकांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. गायनवृंदात दोन्ही पिढ्यांना स्थान असावे. स्तोत्राचे ध्रुपद, ‘पवित्र, पवित्र’ आणि ‘आमेन’ हे सर्व भाविकांचे भाग आहेत. ते गायनवृंदाने स्वतःपुरते राखू नयेत. युवकांनी मराठीत नवी गीते रचावीत आणि ज्येष्ठांनी ती शिकून घ्यावीत. टिळकांनी आपल्या काळच्या लोकांना त्यांच्याच भाषेत व त्यांच्याच चालींत ख्रिस्ताचे गाणे दिले. त्यांची गीते जतन करणे आणि त्यांच्यासारखे नवे गीत रचणे, ही दोन्ही कर्तव्ये आज आपल्यावर आहेत.