३५ हजार फुटांवरचा डबा

होळीचा दिवस, मार्च २०२३. दिल्लीहून गुवाहाटीला निघालेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये गुजिया आल्या. गुजिया म्हणजे आपल्या करंजीची उत्तरेतली बहीण, आत खवा. सोबत कॉफी. इथपर्यंत सगळं गोड. पण कॉफीचा कप ठेवला गेला थेट मधल्या कन्सोलवर, जिथं इंजिनाच्या इंधनाचे लिव्हर असतात तिथं. फोटो निघाला, फोटो फिरला आणि दोन्ही पायलटना एअरलाइननं ड्यूटीवरून उतरवलं.

आपण कीबोर्डवर चहा सांडला तर फार तर आयटीवाल्याची बोलणी खातो. वर मामला वेगळा असतो बॉस! फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून मेक्सिकोतल्या कान्कूनला निघालेलं एअरबस ए-३३० निव्वळ कॉफी सांडली म्हणून आयर्लंडमध्ये शॅननला उतरवावं लागलं होतं. रेडिओचं पॅनल तापून त्यातून धूर यायला लागला होता.

तेव्हा पायलटच्या खाण्याला ‘हेल्दी ईटिंग’ वगैरे गोंडस नाव देऊ नका. सिक्स पॅकसाठी तर ते अजिबात नसतं. पायलट खातो ते लायसन्ससाठी. दरवर्षी (साठीनंतर दर सहा महिन्यांनी) त्यांची क्लास वन मेडिकल होते. वजन, बीपी, रक्त, लघवी, सगळं तपासलं जातं. तुमची-माझी शुगर जरा वाढली तर डॉक्टर म्हणतात, ‘चालायला जा’. यांच्या कागदावर ‘अनफिट’चा शेरा बसू शकतो. फ्लाइंग बंद म्हणजे उड्डाणाच्या तासांवर मिळणारे पैसेही बंद. ट्रेनिंगच्या लोनचा हप्ता मात्र चालूच!

माझी ठाण्याची एक मैत्रीण ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. तिला म्हटलं, ‘बाई गं, तू नेमकं खातेस तरी काय?’ तर म्हणाली, ‘काय ते सोड. कधी खाते ते विचार.’

बरोबर आहे तिचं. मुंबई-गोवा म्हणजे तासाभराचं फ्लाइंग. त्यातही १० हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये विमान चालवण्याखेरीज दुसरं काहीही करायचं नाही असा नियम. गप्पा नाहीत, खाणं तर नाहीच. चढण्यात आणि उतरण्यात गेलेला वेळ वजा केला की हातात उरतात वीसेक मिनिटं. गोव्याला उतरल्यावर पुढच्या उड्डाणाआधी जो अर्धा-पाऊण तास मिळतो तो इंधन, कागदपत्रं आणि विमानाभोवतीच्या फेरीत जातो. असे दिवसाला चार सेक्टर. मग होतं काय, की हाताला लागेल ते तोंडात जातं. एक सँडविच, अर्धी केकची वडी, दोन बिस्किटं. घरी पोचल्यावर भुकेचा स्फोट!

रात्रीची ड्यूटी म्हणजे तर आणखीनच लोच्या. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळ तळाला गेलेलं असतं. झोप सर्वांत अनावर तेव्हाच, आणि साखर पचवायची ताकदही रात्री कमी. रात्री आठला खाल्लेला नान आणि तोच नान पहाटे तीनला, हिशेब एकच लागत नाही. म्हणून जुने कॅप्टन घरूनच नीट जेवून निघतात, आणि पहाटे डोळे जड व्हायला लागले की मूठभर दाणे, एखादं उकडलेलं अंडं, एवढ्यावर भागवतात. डोळे उघडे ठेवायला चॉकलेट खाणारे तरुणही पाहिलेत. अर्ध्या तासात आणखी मलूल होतात.

आता मेन्यू. केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्याही आत आहे, म्हणजे यांची खुर्ची रोज त्याच्याही वर! त्या दाबाला पोटातली हवा साधारण एक तृतीयांशानं फुगते. वेफर्सचं पाकीट विमानात कसं टम्म होतं पाहिलंय ना? तसंच पोट. राजमा, छोले, कोबी, कोल्ड्रिंक हे सगळं ड्यूटीआधी बाद. मिसळ फक्त सुट्टीच्या दिवशी.

दुसरं प्रकरण मिठाचं. लुफ्तान्झानं जर्मनीतल्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटकडून तपासून घेतलं होतं, उंचीवर खारट आणि गोड चव जिभेला बरीच कमी कळते. साहजिकच विमानातलं जेवण चवीला लागावं म्हणून त्यात मसाला आणि मीठ चढतं. तुम्ही वर्षात चारदा उडता, तुम्हाला फरक पडत नाही. महिन्यातले वीस दिवस तेच खाणाऱ्यानं बीपीचा विचार करायला हवा.

त्यात हवा कोरडी, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. आणि पाणी प्यायचा कंटाळा! कारण उघड आहे. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे केबिन क्रूला बोलवा, तिला आत घ्या, मग बाहेर जा. त्यापेक्षा नकोच. पण अशानं मूतखडा होतो, आणि तो दुखत नसला, नुसता सोनोग्राफीत दिसला, तरी फ्लाइंग थांबू शकतं. माझ्या मते या सगळ्या यादीत पाण्याची बाटली पहिली. डाएट चार्ट नंतर.

बहुतेक एअरलाइन्समध्ये दोन पायलटनी एकच डिश खायची नाही, हे ऐकून असालच. यामागे धडकी भरवणारा किस्सा आहे. फेब्रुवारी १९७५, जपान एअरलाइन्सचं जम्बो टोकियोहून पॅरिसला निघालेलं. अलास्कात चढवलेलं हॅम-आम्लेट एका आचाऱ्याच्या बोटांवरच्या जखमांमुळे दूषित झालं होतं. कोपनहेगनला पोचेपर्यंत जवळजवळ २०० जण आजारी, १४० च्या वर हॉस्पिटलमध्ये. पायलट वाचले, कारण ते अलास्कातच विमानात चढले होते. त्यांच्या पोटाच्या घड्याळात ती ब्रेकफास्टची नाही, डिनरची वेळ होती. त्यांनी आम्लेट घेतलंच नाही!

मराठी घरांतल्या पायलटना एक जादा पथ्य आहे, खसखस. अनारसे, करंजीचं सारण, काही घरांतला कांदा-लसूण मसाला, कुठेही असते ती. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यावर बंदी आहे, त्यामुळे दुबईच्या लेओव्हरला आईनं दिलेला फराळाचा डबा आधी उघडून बघावा. शिवाय ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे डीजीसीएनं फ्लाइट क्रूची अमली पदार्थांची अचानक चाचणी सुरू केली, आणि त्यात अफूजन्य पदार्थही येतात. भरपूर खसखस खाल्ली तर लघवीत त्याचा अंश दिसू शकतो. दिवाळीत आईला हे समजावून सांगताना मैत्रिणीच्या नाकी नऊ आले होते.

लेओव्हर हॉटेलचा बुफे हा आणखी एक सापळा. ब्रेकफास्ट फुकट, म्हणून पाच पदार्थ. मैत्रिणीनं त्यावर अस्सल घरगुती तोड काढलीय. बॅगेत घरी फोडणी घालून भाजलेला रवा असतो. खोलीतल्या किटलीत पाणी उकळायचं, डब्यात ओतायचं, झाकण लावून पाच मिनिटं विसरायचं, उपीट तयार. भाजलेले मखाणे, दोन कोरडी थालीपीठं, एखादं सफरचंद. रस्सा-आमटी काहीच नाही, सांडण्याची भानगडच नको. १ जुलै २०२५ पासून पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, तेव्हापासून रवा भाजायलाही वेळ मिळतो म्हणाली.

रात्री ती रूम सर्व्हिसला फोन करून साधा भात आणि दही एवढंच मागवते. ट्रे घेऊन आलेला मुलगा दर वेळी विचारतो, ‘मॅडम, बस इतना ही?’ बॅगेतली मेतकुटाची पुडी त्याला बिचाऱ्याला कुठून दिसणार!