संगणक अडतो तेव्हा पहिला प्रश्न कोणता?

वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी घरच्या किंवा शाळेच्या संगणकाचा वेग वाढवून पाहतात, ही गोष्ट आता पालकांपासून व विश्वस्त मंडळींपासून लपून राहिलेली नाही. या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. असा संगणक मग मध्येच थिजतो, निळा पडदा दाखवतो, कधी आपोआप पुन्हा सुरू होतो. 'प्रयोगशाळेतील सगळ्या संगणकांना पासवर्ड घाला आणि हा विषय संपवा,' अशी सूचना मागील पालक-शिक्षक सभेत पुढे आली. सूचनेमागची काळजी आम्हांला समजते. तरीही संगणक विभागाचे मत थोडे वेगळे आहे आणि ते येथे सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा आणि गुणक ४२ असेल, तर वेग ४२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ होतो. ज्या प्रोसेसरांत आणि मदरबोर्डांत सोय असते, त्यांत बायोसमध्ये जाऊन हा गुणक किंवा मूळ ठोका वाढवता येतो. कंपनीने वेग ठरवताना थोडी राखीव जागा सोडलेली असते. ती वापरून घ्यायची, एवढाच यातला हेतू. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा यासाठी जगभर गाजला. ६६ मेगाहर्ट्झऐवजी १०० मेगाहर्ट्झचा ठोका दिला की ३००चा हा प्रोसेसर ४५०वर धावे, आणि पुष्कळांचा तो तसा व्यवस्थित चालेही. मात्र एकाच नावाचे दोन प्रोसेसर अगदी सारखे नसतात. मित्राचा संगणक ज्या आकड्यावर चालला, त्याच आकड्यावर आपला चालेल, असे नाही.

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि खरा खर्च तेथे आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले, म्हणजे तेही १० टक्के वाढवले, तर १.१ चा घन काढा: उत्तर १.३३१. दहा टक्के वेगासाठी सुमारे ३३ टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता. घनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या आठवीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता संगणक अडला, तर काय करायचे? आमच्या अनुभवात मुले येथेच घाई करतात. एकाच वेळी व्होल्टेज वाढवतात, मेमरी काढून पुन्हा बसवतात, विंडोज नव्याने टाकतात. संगणक सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी तेच दुखणे पुन्हा उभे राहते. क्रम ठरलेला असावा. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवायची. मग सध्याचे सगळे आकडे कागदावर उतरवून बायोस मूळ स्थितीत आणायचा. बायोस उघडतच नसेल, तर वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील जंपरने, किंवा तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून, तो मूळ स्थितीत येतो. मूळ स्थितीतही त्रास चालू राहिला, तर कारण बहुधा आणखी कुठे आहे: सैल झालेली मेमरी, थकलेला पॉवर सप्लाय, पंख्यात साचलेली धूळ, बिघडलेला ड्रायव्हर. त्रास थांबला, तर संशय वाढवलेल्या वेगावर. एवढ्या एका पायरीने निम्मे शोधकाम संपते.

येथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. 'आम्ही काहीच वाढवलेले नाही' असे सांगणाऱ्या घरांतही मेमरी वाढीव वेगावर चाललेली असू शकते. बायोसमधील एक्सएमपी हा पर्याय चालू केला की मेमरी प्रमाणित वेगाच्या पुढे जाते. डीडीआर-४ मेमरीचे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे आणि एक्सएमपीत ते पुष्कळदा १.३५ असते. जुना संगणक विकत घेतला असेल, तर आधीच्या मालकाने काय करून ठेवले आहे, तेही तपासून घ्यावे.

यानंतर एकेक भाग वेगळा तपासायचा. मेमरीसाठी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तरी ती मेमरी त्या वेगावर भरवशाची नाही. 'एकच तर चूक आहे' हे म्हणणे तेथे चालत नाही. प्रोसेसरसाठी प्राइम-९५ आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मोठ्या अविभाज्य संख्यांचा शोध सुरू केला, त्यासाठीचा हा प्रोग्राम. आकडेमोड चुकली की तो स्वतःच ओळखतो, म्हणून संगणक तपासण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. त्याच्या तपासणीचा लहान प्रकार प्रोसेसर तापवतो, तर मिश्र प्रकार मेमरीलाही कामाला लावतो. एकात चूक येते आणि दुसऱ्यात येत नाही, एवढ्यावरूनही दिशा मिळते. ताण देताच काही सेकंदांत बंद पडणारा संगणक उष्णता, व्होल्टेज किंवा पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो. रिकामा बसलेला असताना अडणारा संगणक हलक्या कामाच्या वेळी व्होल्टेज फार खाली जात असल्याची शंका देतो. मोठी झिप फाइल उघडताना वारंवार चूक येत असेल, तर आधी मेमरी पाहावी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया लॉगर' या नावाखाली हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी वेळेसह सापडतात, त्याही वाचाव्यात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल. बदल केला, तपासले, वहीत लिहिले, मगच पुढचा बदल. तारीख, वेग, व्होल्टेज, प्रोसेसरचे तापमान, खोलीचे तापमान, किती वेळ टिकला, एवढे रकाने पुरतात. खोलीचे तापमान आम्ही मुद्दाम लिहायला सांगतो. डिसेंबरात इंदूरच्या थंडीत रात्रभर न अडखळता चाललेला संगणक एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याच आकड्यांवर कोसळू शकतो. खोली पंधरा अंशांनी तापली, तर प्रोसेसरही साधारण तितकाच जास्त तापतो. बहुतेक आधुनिक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप घटवतात. तेव्हा उन्हाळ्यात वाढवलेला वेग हाती लागतही नाही आणि वीज मात्र जळत राहते.

या पद्धतीचे मोल सांगणारे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली १९९४ साली जुळ्या अविभाज्य संख्यांवर काम करत होते. त्यांच्या बेरजा जुळेनात. त्यांनी एकेक संशयित बाजूला काढला: स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड. तेच गणित दुसऱ्या संगणकांवर करून पाहिले. शेवटी उरला तो पेंटियम प्रोसेसर. त्याच्या भागाकारातच दोष होता. तो दोष मान्य करून प्रोसेसर बदलून देण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. एका प्राध्यापकाचे म्हणणे एवढ्या मोठ्या कंपनीला ऐकावे लागले, ते त्यांच्याजवळ नीट ठेवलेली पडताळणी होती म्हणून.

अगदी अलीकडचे उदाहरणही घ्या. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचे कंपनीने २०२४ साली मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र त्या मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही. जास्त व्होल्टेजने होणारी झीज कायमची असते, हे व्होल्टेजच्या आकड्याला हात लावणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अस्थिर संगणक बंद पडतो, ही त्याची कमी धोक्याची बाजू आहे, कारण ती दिसते. न दिसणारी बाजू अशी की बंद न पडता तो एखादा आकडा चुकीचा लिहून ठेवतो. म्हणून शाळेचे निकालपत्रक, फीचे हिशेब आणि मंडळाकडे जाणारी माहिती वेग वाढवलेल्या संगणकावर कधीही करू नये, याबद्दल विश्वस्तांशी आमचे पूर्ण एकमत आहे. त्या संगणकांना पासवर्ड हवाच.

पण सगळ्याच संगणकांना कुलूप घातले, तर हा प्रयोग थांबणार नाही. तो फक्त घरी, दार लावून होईल. आणि तेथे खरी अडचण आहे. संगणक बिघडला की मोठ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कोणी केले?' या प्रश्नाला मुलाचे उत्तर ठरलेले: 'मी काही केले नाही.' त्या एका उत्तराने सगळी माहिती नाहीशी होते. वेग किती होता, काय बदलले, कधीपासून अडू लागला, हे ज्या एकट्याला ठाऊक असते, त्यालाच आपण गप्प बसवतो. मग दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदलायला सांगतो, वडील पैसे देतात आणि दोष बायोसमध्ये तसाच राहतो. पहिला प्रश्न 'काय बदलले?' असा विचारला, तर तेच मूल वही घेऊन पुढे येते. शिस्त बाजूला ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. जबाबदारी अवश्य ठरवावी, पण दोष सापडल्यानंतर. आणि ज्याने आपणहून सांगितले, त्याच्या सांगण्याची कदर व्हावी.

यासाठी आमची विनंती साधी आहे. प्रयोगशाळेतील एक जुना संगणक प्रयोगासाठी वेगळा काढावा. त्याला शाळेच्या नेटवर्कशी जोडू नये, त्यावर कोणाचीही कामाची फाइल ठेवू नये आणि त्याच्याशेजारी एक जाड वही दोरीने बांधून ठेवावी. त्यावर काम शिक्षकांसमोरच होईल. पेटी उघडण्यापूर्वी वीज तोडली जाईल आणि पॉवर सप्लायची पेटी कोणीही, कधीही उघडणार नाही. नोंदी मराठीतच लिहाव्यात. व्होल्टेज, बायोस हे शब्द आहेत तसे राहू द्यावेत, पण 'मला काय दिसले आणि त्यावरून मी काय समजलो' हे मुलाला आपल्या भाषेत मांडता आले पाहिजे. मराठी निबंध म्हटला की पावसाळ्याचे वर्णन, एवढ्यावर आपल्या शाळेने का थांबावे?

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. पाच टक्के वेगाने तुमचा प्रकल्प लवकर पूर्ण होत नाही. वेग वाढवणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. तो टिकतो का, न टिकल्यास का टिकत नाही, हे शोधायला आठवडे लागतात, आणि शिकण्यासारखे जे आहे ते त्या आठवड्यांतच आहे. शोधाअंती कधी कधी उत्तर येते, 'या प्रोसेसरला मूळ वेगच बरा.' तेही पूर्ण उत्तर आहे. ते वहीत लिहावे, खाली तारीख घालावी आणि बायोस मूळ स्थितीत ठेवून संगणक पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.

विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत या विनंतीचा विचार करावा. वहीचा खर्च विभाग करील.