योजना सर्वांसाठी खुली झाली, तरी नोंदणी का अडते?

ऑपरेशनची तारीख ठरते आणि दोन दिवसांनी नातेवाईक परत येऊन सांगतात, "डॉक्टर, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून काम थांबलंय." उपचार कागदावर अडण्याचा हा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. त्यामागचे कारण समजून घेतले तर बराचसा त्रास टाळता येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांसाठी होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण दरवर्षी प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. उत्पन्नाचा प्रश्न मागे पडला, पण दोन प्रश्न राहिले: तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात का, आणि कार्डावरची व्यक्ती तुम्हीच आहात का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिधापत्रिका देते. ती नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. दुसऱ्याचे उत्तर आधार किंवा मतदार ओळखपत्रासारखा फोटो असलेला पुरावा देतो. बहुतेक अडचणी या दोन कागदांचा मेळ न बसल्याने येतात. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर असते. आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि कार्डावर 'लक्ष्मी' असते. बाळाचे नाव कुठेच चढलेले नसते. या दुरुस्त्यांना दिवस लागतात आणि आजार तेवढा थांबत नाही. म्हणून त्या घरात सगळे ठणठणीत असतानाच करून घ्या.

रुग्णालयात जाताना शिधापत्रिका, रुग्णाचे फोटो ओळखपत्र, लहान मूल असेल तर त्याचा जन्मदाखला, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स सोबत घ्या. मूळ कागद स्वतःजवळच ठेवा. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा. मंजुरी उपचारापूर्वी घ्यायची असते, त्यामुळे आधी भरलेले पैसे नंतर परत मिळवणे फार अवघड जाते. शंका असल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारा.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या आजी-आजोबांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ते आधारवर मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. 'आभा' क्रमांक मात्र वेगळा. चौदा अंकी आभा ही तुमच्या तपासण्यांची आणि उपचारांची नोंद ठेवण्याची सोय आहे. आभा काढली म्हणजे मोफत उपचार मिळतील, असा समज करून घेऊ नका.

एक गोष्ट कागदांच्याही आधी येते. छातीत कळ, अपघात, झटका, बाळंतपणातला रक्तस्राव अशा वेळी कागद शोधत घरी थांबू नका. जखमी किंवा अत्यवस्थ रुग्णाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. एकाने रुग्णाला घेऊन निघावे, दुसऱ्याने कागद घेऊन मागून यावे.

आज रात्री जेवणानंतर कपाटातले रेशनकार्ड काढा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव आधारशी ताडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.