जुना संगणक व त्यांतील अदृश्य चाकर

घरांतील संगणक पांचसात वर्षांचा झाला कीं मंद चालूं लागतो, आणि घरांत दोन मतें उत्पन्न होतात. मुलें म्हणतात, नवा आणा. वडील म्हणतात, आहे त्यावर भागवा. आमच्या मतें या दोहोंपूर्वीं तिसरी एक गोष्ट करावयास हवी, ती म्हणजे चौकशी.

पडद्यावर आपणांस एकच काम दिसतें. परंतु पडद्यामागें शंभरांवर कामें चाललेलीं असतात. कोणी फायलींची सूची करीत असतो, कोणी नव्या सुधारणा उतरवून घेत असतो. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असतां 'टास्क मॅनेजर' उघडतो, आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क कोण किती खातो याचा हिशेब समोर येतो.

येथें उतावीळपणा घातक होय. कित्येक विद्यार्थी अपरिचित नांव दिसतांच तें बंद करावयास धांवतात. 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नांवापुढें नव्वदाचा आंकडा पाहून ते त्यासच चोर ठरवितात. वास्तविक तो आंकडा प्रोसेसर रिकामा असल्याचा दाखला आहे! 'एसव्हीसीहोस्ट' अनेकदां दिसतो म्हणून भिण्याचें कारण नाहीं. तो निरनिराळ्या सेवांस आश्रय देणारा यजमान आहे. मात्र तेंच नांव धारण करून विषाणूही वावरतात. यास्तव ती फाईल विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्यें आहे कीं अन्यत्र, हें पाहावें. 'सीएसआरएसएस' बंद केल्यास तर यंत्रच कोसळतें. तात्पर्य, पारख नांवावरून न करितां ठिकाणावरून व कामावरून करावी.

यंत्र सुरू होतांच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम 'स्टार्टअप'च्या यादींत असतात. त्यांतील अनावश्यक तेवढे एकेक करून थांबवावे, प्रत्येक वेळीं यंत्र पुन्हां सुरू करावें, व काय पालटलें तें वहींत टिपावें. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. मेमरी सदा भरलेली असेल तर ती वाढवावी. जुनी हार्ड डिस्क सदा शंभर टक्के व्यग्र असेल तर तिच्या जागीं एसएसडी बसवावी.

विंडोज १० चें सर्वसाधारण साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागत असल्यामुळें पुष्कळ जुनीं यंत्रें त्यास पात्र नाहींत. तरीही तीं भंगारांत घालण्याचें कारण नाहीं. सी-डॅकची 'बॉस' अथवा दुसरी एखादी हलकी लिनक्स प्रणाली त्यांवर वापरून पाहावी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या पित्यास नवा संगणक म्हणजे कित्येक महिन्यांची काटकसर, हें त्याच्या मुलानें विसरूं नये.

दुरुस्तीची विद्या हलकी नव्हे. पुण्याचे कैलाश काटकर यांनीं आरंभीं कॅल्क्युलेटर दुरुस्त केले. पुढें बिघडलेले संगणक हातीं येऊं लागले, बंधु संजय यांनीं विषाणूंवर उतारा लिहिला, आणि त्यांतून 'क्विक हील' उभी राहिली. २०१६ सालीं ती शेअरबाजारांत नोंदली गेली.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना एवढीच, कीं मंद यंत्रावर चिडूं नका. आधीं आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा, मग कारण शोधा. आणि पालकांस विनंती ही, कीं मूल वही घेऊन संगणकापुढें बसलें असेल तर त्यास 'मोडशील' म्हणून उठवूं नका. पाठ्यपुस्तकांत न सांपडणारा एक धडा तें तेथें गिरवीत असतें.